चामाच्या जुन्या रोटरी पुन्हा बर्फात उतरवाव्यात का?

लोहपथिक

कुम्ब्रेस अँड टोल्टेक ही अमेरिकेतील तीन फुटी नॅरोगेज रेल्वे कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांची सीमा पुन्हापुन्हा ओलांडत जाते. हा मार्ग १८८० साली बांधला गेला. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न कंपनीने तो सोडून दिल्यावर दोन्ही राज्यांनी मिळून १९७० मध्ये चामा ते अँटोनिटो हा ६४ मैलांचा टप्पा विकत घेतला आणि वारसा रेल्वे म्हणून पुढे चालू ठेवला. चामाच्या यार्डात बर्फ हटवणाऱ्या दोन रोटरी आहेत. ओएम ही १८८९ साली न्यू जर्सीतील पॅटरसन येथील कुक कारखान्यात तयार झाली, तर ओवाय १९२३ मध्ये, म्हणजे तो कारखाना अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाल्यानंतर, बांधली गेली. रिओ ग्रँडच्या नॅरोगेज मार्गावरील रोटरींपैकी आज या दोनच उरल्या आहेत.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोटरी स्वतःच्या बळावर पुढे सरकत नाही. तिच्या पोटात बॉयलर आणि दोन सिलिंडरचे वाफेचे इंजिन असते, पण त्या इंजिनाची सगळी ताकद पुढचे पात्यांचे प्रचंड चाक फिरवण्यात खर्च होते. तिला ढकलण्याचे काम मागे जोडलेली एक किंवा अधिक वाफेची इंजिने करतात. पाती बर्फ कापून आत ओढतात आणि वरच्या तोंडातून डावीकडे किंवा उजवीकडे दूर फेकून देतात.

२०२० मध्ये, रेल्वेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी ओवाय पुन्हा वाफेवर आली आणि ४८४ व ४८७ या इंजिनांनी ढकलल्यावर तिने कुम्ब्रेस घाटाच्या चढावर बर्फ उडवला. ते दृश्य विलक्षण होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही माझे मत असे आहे की ओएम कधीही वाफेवर येऊ नये आणि ओवायलाही केवळ छायाचित्रांसाठी बर्फात घालू नये.

या रेल्वेच्या प्रवासी गाड्या मेअखेर ते ऑक्टोबर एवढ्याच काळात धावतात. भर हिवाळ्यात मार्ग मोकळा करण्याची निकड कोणालाच नसते आणि वसंतात उरलेला बर्फ हटवणे आजच्या डोझरना जमण्यासारखे आहे. म्हणजे ज्या कामासाठी यंत्राने धोका पत्करायचा, ते काम मुळात शिल्लकच नाही. याच मार्गावरच्या के-३६ वर्गाच्या, १९२५ साली बांधलेल्या दहा इंजिनांपैकी नऊ आजही आहेत. त्यांतील एखाद्याचे नुकसान झाले तर दुसऱ्याकडे पाहून दुरुस्ती करता येते. रोटरीला असा आधार नाही, कारण ओएम आणि ओवाय यांच्या बांधणीत ३४ वर्षांचे अंतर आहे आणि एकीचा भाग दुसरीला बसेलच असे नाही. शिवाय पात्यांवरचे ठोके, रिव्हेटच्या जागी नंतर घातलेले बोल्ट आणि कारागिरांनी ठोकून बसवलेली ठिगळे हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत. यंत्र चालवण्यासाठी एखादा भाग बदलला, की त्या भागापुरता पुरावा कायमचा नाहीसा होतो.

हिमरेषा

मी डेन्व्हरला राहतो आणि उन्हाळ्यात या रेल्वेच्या स्वयंसेवकांबरोबर काम करतो, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. लोहपथिक यांचा पुराव्याचा मुद्दा मला पटतो. मात्र लोखंडावर दिसतो तेवढाच पुरावा, असे ते गृहीत धरतात आणि तिथे माझा मतभेद सुरू होतो.

रोटरी चालवणे ही एक सामूहिक कला आहे. पुढच्या केबिनमधला चालक उडणाऱ्या बर्फामुळे जवळजवळ आंधळा झालेला असतो. मागच्या इंजिनांनी किती जोर लावायचा, कधी थांबायचे आणि कधी मागे यायचे हे तो शिट्टीच्या खुणांनी सांगतो. जोर जास्त झाला तर चाक बर्फात रुतून बंद पडते, आणि कमी पडला तर चाक नुसतेच गरगरत राहते. ताजा भुसभुशीत बर्फ, वाऱ्याने दाबून घट्ट केलेला बर्फ आणि दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ या तिन्हींत चाकाचा आवाज वेगळा येतो, आणि अनुभवी माणूस त्या आवाजावरूनच वाफ वाढवतो किंवा कमी करतो. हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नाही. रिओ ग्रँडच्या जुन्या माणसांकडून ते १९७० नंतरच्या पिढीकडे आले. विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर ओवाय थेट २०२० मध्ये चालली. इतका मोठा खंड आणखी एकदा पडला, तर शिकवायला कोणीही उरणार नाही, आणि मग आपल्याकडे यंत्र असेल पण ते काय करत असे याचा फक्त अंदाज असेल.

ही रेल्वे २०१२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, ती केवळ इंजिनांसाठी नाही. कोळसा भरण्याचा मनोरा, पाण्याच्या टाक्या, कुम्ब्रेसच्या माथ्यावरचा बर्फापासून बचाव करणारा लाकडी छतमार्ग ही सगळी व्यवस्था मिळून ते स्थळ होते. हा माथा १०,०१५ फुटांवर आहे आणि चामाकडून तिथे पोचायला शंभरात चार फुटांचा चढ आहे. बर्फाशी झगडा हाच या मार्गाच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे. उन्हाळी सहल म्हणून तो दाखवला तर उरलेला अर्धा भाग पर्यटकांना कधी कळणारच नाही.

बॉयलरघर

माझी सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरवर झाली. रेल्वेतले मला फारसे कळत नाही, पण इथे दोन्ही बाजूंनी बॉयलरबद्दल जे गृहीत धरले जात आहे त्याविषयी बोलणे आवश्यक वाटते.

‘चालवले तर झिजते आणि उभे ठेवले तर टिकते’ ही समजूत बॉयलरला लागू पडत नाही. आमचे बॉयलर गळीत हंगामात रात्रंदिवस चालत आणि उरलेले महिने बंद असत. त्या बंद काळात नीट काळजी घेतली नाही, तर हंगामात होणार नाही एवढे नुकसान काही आठवड्यांत होत असे. आत थोडेसे पाणी राहिले आणि हवा शिरली की नळ्यांवर खड्डे पडू लागतात. म्हणून आम्ही बॉयलर पूर्ण रिकामा करून, वाळवून, आत चुना ठेवून बंद करत असू, आणि तो चुना ठरावीक काळाने बदलत असू. चामासारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात सगळे गोठते आणि वसंतात सगळे पाझरते, तिथे उघड्यावर उभ्या असलेल्या रोटरीचा बॉयलर सुरक्षित आहे असे मी केवळ ती उभी आहे म्हणून मानणार नाही.

दुसरीकडे, थंडीत वाफ धरणे हेही साधे काम नाही. शून्याखाली गारठलेल्या बॉयलरखाली घाईने आग लावली तर फायरबॉक्सचे, म्हणजे जिथे आग जळते त्या पेटीचे, पत्रे झपाट्याने तापतात, बाहेरचे कवच थंडच राहते, आणि त्या दोघांना बांधून ठेवणाऱ्या स्टे बोल्टवर सगळा ताण येतो. वाफ हळूहळू, एक-दोन दिवस घेऊनच धरायला हवी. सिलिंडर ओतीव लोखंडाचे असतात. काम थांबल्यावर त्यांत साचलेले पाणी निचऱ्याच्या कॉकमधून वेळीच बाहेर काढले नाही आणि रात्री ते गोठले, तर सिलिंडरला तडा जातो, आणि ओतीव लोखंडाचा तडा सांधणे किती अवघड असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. बॉयलरच्या नळ्या बदलता येतात, त्या बदलण्यासाठीच असतात. सिलिंडर, चाकाचा मधला तुंबा आणि फिरकीची दिशा वळवणारे दातेरी चाक, म्हणजे बेव्हल गिअर, यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही.

म्हणून ‘यंत्र चालवावे का’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. कोणता भाग झिजू द्यायचा आणि कोणत्या भागाला धक्काही लागू द्यायचा नाही, याची यादी आधी झाली पाहिजे. ती यादी न करता होकार देणारे आणि नकार देणारे, दोघेही अंधारात बोलत आहेत.

झ्युरिचवासी

स्वित्झर्लंडचे उदाहरण इथे यायला हवे. बर्निना मार्गासाठी विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याने १९१० आणि १९१२ मध्ये वाफेच्या दोन रोटरी बांधल्या. हा मार्ग पहिल्यापासून विजेवर चालणारा होता, तरीही रोटरी वाफेची घेतली, कारण वादळात विजेची तार तुटली तर बर्फ हटवणारे यंत्रच अडकून पडायला नको होते. त्याच कारणाने त्यांना स्वतः चालण्याची सोयही दिली होती, जी चामाच्या रोटरींना नाही. त्यांपैकी ९२१३ ही आजही रेटियन रेल्वेकडे चालू स्थितीत आहे आणि हिवाळ्यात खास फेऱ्यांसाठी २,२५३ मीटर उंचीच्या ओस्पिझिओ बर्निनाच्या परिसरात बर्फ उडवते. तिची बहीण ९२१४ ब्लोने-शांबी या संग्रहालय रेल्वेकडे आहे.

शंभर वर्षांहून जुने यंत्र जपून चालवता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. २००५ मध्ये युरोपातील वारसा रेल्वेंच्या महासंघाने स्वीकारलेल्या रिगा सनदेची भूमिकाही अशीच आहे, की योग्य उपयोग चालू राहिला तर जतनाला बळ मिळते. मग अमेरिकेतल्या यंत्रांनाच वेगळा न्याय का असावा?

लोहपथिक

झ्युरिचवासी यांनी दिलेले उदाहरण माझ्या बाजूनेही वाचता येते. रेटियन रेल्वे ही बाराही महिने चालणारी मोठी रेल्वे आहे. तिच्याकडे लांडक्वार्टसारखे सुसज्ज वर्कशॉप आहे, पगारी तंत्रज्ञ आहेत आणि मुख्य म्हणजे बर्फ हटवणारी आधुनिक यंत्रे आहेत, त्यामुळे ९२१३ ला कोणत्या बर्फात न्यायचे आणि कोणत्या बर्फात न्यायचे नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य तिला आहे. चामाला हिवाळ्यात रोटरी बाहेर पडते तेव्हा पुढचा सगळा मार्ग तिनेच मोकळा करायचा असतो. वाटेत ती अडकली तर तिला आणायला दुसरी रोटरी जाणार नाही.

काम चालू राहिल्याने वस्तू टिकते, या विधानालाही मर्यादा आहे. कॅलिफोर्नियातील डॉनर घाटात सदर्न पॅसिफिकच्या रोटरी खरोखर कामाच्या राहिल्या, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांच्यातील वाफेची यंत्रणा काढून तिथे विजेच्या मोटारी बसवल्या गेल्या. कंपनीच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण वाफेची रोटरी म्हणून त्यांचे अस्तित्व तिथेच संपले. उपयोगाला स्वतःच्या गरजा असतात, आणि त्या गरजा जतनाशी नेहमी जुळत नाहीत.

हिमरेषा यांच्या कौशल्याच्या मुद्द्याला माझे उत्तर असे आहे की कौशल्य जपण्यासाठी मूळ यंत्रच धोक्यात घालणे आवश्यक नाही. इंग्लंडमध्ये पेपरकॉर्न ए१ वर्गाचे एकही इंजिन उरले नव्हते, तेव्हा उत्साही लोकांनी जुन्या आराखड्यांवरून ‘टोर्नेडो’ हे नवे इंजिन बांधले आणि २००८ मध्ये ते धावू लागले. तशी नवी रोटरी बांधावी. चालकांनी तिच्यावर शिकावे, तिची पाती मोडली तर नवी घालावीत, आणि ओएम व ओवाय यांना छताखाली, कोरड्या जागेत ठेवावे.

सह्यकडा

मी वारसारक्षणाचा अभ्यासक नाही. मला माणसांची काळजी वाटते. रोटरीचा इतिहास हिमकडे कोसळण्याच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. १ मार्च १९१० रोजी वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन येथे बर्फात दिवसचे दिवस अडकलेल्या दोन गाड्यांवर हिमकडा कोसळला आणि ९६ माणसे मृत्युमुखी पडली. ग्रेट नॉर्दर्न कंपनीने मार्ग उघडण्यासाठी लावलेल्या रोटरी त्या वेळी एकामागून एक निकामी झाल्या होत्या किंवा कोळशाअभावी थांबल्या होत्या, कारण कोसळलेल्या बर्फात झाडांचे बुंधे आणि दगड होते, आणि ते आधी माणसांनी फावड्यांनी मोकळे केल्याशिवाय रोटरी पुढे जाऊच शकत नव्हती. जानेवारी १९५२ मध्ये डॉनर घाटात ‘सिटी ऑफ सान फ्रान्सिस्को’ ही गाडी २२६ माणसांसह तीन दिवस अडकली, तेव्हाही सुटकेच्या कामावरील रोटरी हिमकड्याखाली सापडून तिच्यावरचा एक कर्मचारी दगावला. त्या काळी जीव धोक्यात घालण्यामागे गाड्या चालू ठेवण्याची निकड होती. आज छायाचित्रांच्या तिकिटांसाठी तेवढा धोका कोणाला स्वीकारायला सांगावा, असे मला वाटत नाही.

हिमरेषा

सह्यकडा यांनी सांगितलेल्या घटना खऱ्या आहेत आणि त्या विसरता कामा नयेत. पण वेलिंग्टनला गाड्या वादळ चालू असताना अडकल्या होत्या. २०२० च्या फेरीची तारीख माणसांनी ठरवली होती आणि हवामान वाईट झाले असते तर ती पुढे ढकलता आली असती. वारसा रेल्वेला थांबण्याची मुभा असते, जी १९१० मध्ये कोणाला नव्हती. धोका मोजूनमापून स्वीकारणे आणि धोक्यात ढकलले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या रोटरीची कल्पना मला मनापासून आवडली असती, जर ती शक्य असती तर. ‘टोर्नेडो’ उभे राहिले ते प्रवासी गाड्या ओढण्यासाठी, आणि तरीही निधी गोळा करून बांधणी पूर्ण करायला अठरा वर्षे लागली. त्याचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेनहून आणावा लागला. वर्षातून दोन दिवसही काम नसलेल्या यंत्रासाठी तेवढा पैसा देणारे लोक मला दिसत नाहीत. याउलट ओवाय चालते तेव्हा लोक पैसे देतात आणि त्याच पैशातून बॉयलरची तपासणी होते, नळ्या बदलल्या जातात, गंज काढला जातो. लोहपथिक म्हणतात ती कोरडी जागाही पैशाशिवाय बांधली जाणार नाही, आणि स्थिर उभ्या यंत्रासाठी शेड बांधायला देणगीदार मिळवणे किती कठीण असते, हे कोणत्याही संग्रहालयाच्या विश्वस्ताला विचारावे.

खडकीकर

आपल्याकडचे एक उदाहरण मांडतो. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले इंजिन अनेक वर्षे दिल्लीच्या संग्रहालयात उभे होते. १९९७ मध्ये ते पुन्हा चालू स्थितीत आणून दिल्ली ते अलवर असे पर्यटकांसाठी चालवले गेले आणि नियमित सेवेतील जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद झाली. ते संग्रहालयातच राहिले असते तर आज त्याचे नाव शाळकरी मुलांना ठाऊक नसते. पण मधल्या काळात ते बंद असताना त्याचे सुटे भाग चोरीला गेले आणि नवे भाग घालून ते पुन्हा उभे करावे लागले. माझ्या मते दोन्ही बाजूंनी या प्रकरणाकडे पाहावे, कारण नुकसान त्याच्या धावण्याने झाले नाही, ते पहारा ढिला पडल्याने झाले.

बॉयलरघर

खडकीकर यांच्या निरीक्षणाला जोडून सांगतो. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग रेल्वेच्या १२७८ या इंजिनात पाणी कमी झाल्याने फायरबॉक्सचे छत फाटले आणि त्यावरील तिघे भाजले. तो बॉयलर जुना होता म्हणून फाटला नाही. पाण्याची पातळी दाखवणारी साधने नीट राखली गेली नव्हती आणि चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण अपुरे होते. त्यानंतर अमेरिकेतील वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले गेले, आणि १,४७२ सेवादिवस किंवा पंधरा वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासणे बंधनकारक झाले. वयापेक्षा शिस्त महत्त्वाची, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

मी सांगितलेली यादी आता स्वतःच देतो. बॉयलरच्या पत्र्यांची जाडी ध्वनिलहरींनी ठिकठिकाणी मोजून नोंदवावी. चाक, तुंबा, बेव्हल गिअर आणि सिलिंडर यांचे त्रिमितीय मोजमाप करून ओतकामासाठी साचे आधीच तयार ठेवावेत, कारण मोडल्यानंतर मोडलेल्या भागावरून माप घेणे चुकीचे ठरते. आणि जो भाग बदलला जाईल तो भंगारात न टाकता, कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने काढला याच्या चिठ्ठीसह जपून ठेवावा. हे झाले तर लोहपथिक यांना हवा तो पुरावा शिल्लक राहील. बर्फाच्या खोलीचीही मर्यादा ठरवावी आणि त्यापुढे रोटरी नेऊ नये, असे मला वाटते.

हिमरेषा

पहिल्या तिन्ही अटी मला मान्य आहेत आणि त्या रेल्वेकडे लेखी पाठवाव्यात असे मी सुचवतो. खोलीच्या मर्यादेला मात्र माझा विरोध आहे. उथळ बर्फ साधा पाचरीच्या आकाराचा नांगर ढकलूनही हटतो. रोटरीचे काम त्यापलीकडे सुरू होते, आणि तिथे तिला नेले नाही तर चालक काहीच शिकणार नाहीत. पात्यांना खरा धोका बर्फाच्या उंचीचा नसून बर्फात काय दडले आहे याचा आहे. स्वच्छ, दहा फुटी बर्फ दगड मिसळलेल्या तीन फुटी बर्फापेक्षा कमी घातक असतो.

लोहपथिक

हा मुद्दा मला योग्य वाटतो, आणि म्हणून मी अट वेगळ्या शब्दांत मांडतो. बर्फ पडण्यापूर्वी, ऑक्टोबरात शेवटची गाडी गेल्यावर, चामा ते कुम्ब्रेस या मार्गावरील प्रत्येक खोदलेली खिंड पायी तपासावी. सुटलेले दगड, पडलेल्या फांद्या, रुळांजवळ राहिलेले स्लीपर हे सगळे उचलावे आणि त्याची नोंद ठेवावी. हिवाळ्यात फेरीच्या आधी त्याच खिंडींत लांब सळ्या खुपसून तळ पाहावा. ज्या ठिकाणी कडा कोसळून आला असेल तिथला बर्फ आधी यंत्राने उकरून काढावा आणि ओवायला फक्त वाऱ्याने साठलेल्या बर्फात न्यावे. ज्या वर्षी शरद ऋतूतली ही पाहणी झाली नसेल त्या वर्षी कितीही तिकिटे विकली गेली असली तरी फेरी रद्द व्हावी. या अटींवर ओवायपुरता माझा विरोध मी मागे घेतो. ओएमबाबत माझे मत बदललेले नाही. तिच्या बॉयलरखाली आग पेटू नये आणि पुढच्या निधीतला पहिला रुपया, म्हणजे तिथला पहिला डॉलर, तिच्या छपरावर खर्च व्हावा.

हिमरेषा

छपराबद्दल आपले एकमत आहे. ओएमबद्दल नाही, पण तिच्या बॉयलरची जाडी मोजल्याशिवाय त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोजमाप झाले की त्याचे आकडे मी इथेच मांडेन.